अमावास्येचा चंद्र
(नारायणगडावर केलेलं भाषण)

आपल्या ह्या धाकट्या पंढरीत बोलायला उभं केलंत. आम्ही चौथी शिकलेलो. रान आणि टाळ एवढीच आमची शाळा. म्हणून मनाचं काही सांगायचं म्हणलं की आम्ही आभाळाकडं बघतो.

अमावास्येला चंद्र कुठं जातो? कुठंच जात नाही. सूर्याच्या जोडीनं उगवतो, जोडीनंच मावळतो, दिवसभर आपल्याच डोक्यावरून चालतो. फक्त उजेडाची बाजू तिकडं आणि काळोखी आपल्याकडं.

दिंडीत एक गडी होता, शेतकरीच. म्हणाला, "महाराज, टाळ वाजतोय, तोंडानं नाव चाललंय, पण मी ह्यात नाही. काचेपल्याडून बघितल्यागत होतंय. लेकरू हाक मारतं, ती लई लांबून येती." कोणी म्हणे भक्ती कमी पडली, कोणी म्हणे लागीर झालं. आम्हाला दोन्ही पटत नाही.

आम्ही त्याला विजेचं सांगितलं. लखलखाट लगेच दिसतो, कडकडाट मागून येतो, किलोमीटरला ३ सेकंद लावीत. मधी सगळं मुकं. म्हणून काय आवाज झालाच नाही? तो वाटेत असतो. "बाबा, तुझं मन त्या मधल्या मुक्या वेळात अडकलंय. तू तुटला नाहीस." गडी रडला. म्हणाला, लई महिन्यांनी रडू आलं.

पण दृष्टांत किती ताणायचा हेही कीर्तनकाराला कळावं. अमावास्या झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोर दिसते. इथं दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणं नको वाटतं, तर ती अमावास्या नव्हे, तो दुष्काळ. आपला बीड जिल्हा सह्याद्रीच्या आडोशाचा. पश्चिमेचे ढग घाटावर रिते होतात आणि आपल्यावरून नुसते जातात. १९७२ ला आपण आभाळाकडं बघत बसलो का? खडी फोडली. पुढच्या दुष्काळात टँकर मागितले, छावण्या मागितल्या. मग मनाच्या दुष्काळाला मदत मागायची लाज कशाची? सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. १४४१६ हा सरकारचा फोन आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटत असंल तर सकाळची वाट बघू नका, तिथल्या तिथं लावा.

आता चोपदारांना एक विनंती. रांगेत जो गप झाला त्याला "वाजीव की" म्हणून दटावू नका. शेजारी एक शांत माणूस चालता ठेवा. आणि मुक्कामाला त्याचं अंथरूण कडेला नको, सगळ्यांच्या मधी टाका.