वीणेच्या तारा आणि आपले मन

(वर्षावासानिमित्त सीवूड्स येथे झालेल्या व्याख्यानमालेत एका तरुण संगीतकाराने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला व्यासपीठावर पुष्कळदा बसविले आहे, पण ते वाजविण्यासाठी. उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. चुकलो तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

प्रथम एका खोट्याची दुरुस्ती करतो. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भीमगीतांच्या वाद्यवृंदाची जबाबदारी माझ्याकडे होती. तालमी झाल्या होत्या, पत्रिकेत नाव छापले होते, आणि आयत्या वेळी मी आलो नाही. वडिलांनी कार्यकर्त्यांना कळविले की मुलाला टायफॉइड झाला आहे. तुमच्यापैकी काही जण फळे घेऊन घरीही आले होते. आईने बाहेरच्या खोलीतच चहा दिला, कारण आतल्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला टायफॉइड झाला नव्हता. मला नैराश्याचा आजार झाला होता. आमच्या घराने ते खोटे लाजेपोटी सांगितले. आज तुमच्यासमोर ते मागे घेतो, आणि वडिलांच्या संमतीने घेतो. ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

हा आजार माझ्यासारख्याला का व्हावा, हा प्रश्न तेव्हा सर्वांना पडला. मलाही पडला. त्यासाठी आमच्या घराची थोडी माहिती सांगणे भाग आहे.

माझे आजोबा वरळीच्या बी.डी.डी. चाळीत राहत आणि कापड गिरणीत साच्यावर काम करीत. रात्रपाळी नसेल तेव्हा ते कव्वाली पार्टीत बेंजो वाजवीत. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, पण आपल्या वस्त्यांत त्याला बेंजोच म्हणतात. ते वाद्य त्यांनी उसनवारी करून घेतले होते आणि ते फेडायला वर्ष लागले. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे. रियाज करायचा तर गॅलरीत, तोही शेजाऱ्यांचे मुलगे अभ्यासाला बसले नसतील तरच. माझे वडील त्याच गॅलरीतल्या दिव्याखाली शिकले, आरक्षणाच्या हक्काने सरकारी नोकरीत लागले, सिडकोच्या घरासाठी अर्ज भरला आणि आधी नेरूळला व पुढे सीवूड्सला आले.

आणि मी? मला जन्मापासून माझी खोली आहे. तिचे दार बंद होते. दहाव्या वर्षी गिटार मिळाली, सोळाव्या वर्षी कीबोर्ड, पुढे संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी संगणक. क्लासची फी कधी थकली नाही. खिडकीतून खाडीकडची हवा येते, हिवाळ्यात तळ्यावर उतरलेले रोहित पक्षी दिसतात. ‘सवलत’ हा शब्द आपल्याला टोचतो, कारण आपल्या हक्कालाच लोक सवलत म्हणून हिणवतात. तो विषय वेगळा. मी बोलतो आहे ते आयते मिळालेल्याविषयी. जे मिळविण्यासाठी आजोबांनी आणि वडिलांनी हाडे झिजविली, ते मला आयते मिळाले. हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. मात्र एके काळी त्याच्या ओझ्याखाली मी दबून गेलो होतो, हेही तितकेच खरे.

कारण आपल्याकडे गाणे कोणी आणि कशा परिस्थितीत उभे केले, ते आपण जाणतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्याच अक्षरांत त्यांनी आयुष्यभर गाणी लिहिली. प्रल्हाद शिंदे यांनी आपला आवाज खेड्यापाड्यांत पोचविला. तो वारसा आनंद आणि मिलिंद यांच्याकडून पुढे नातवंडांपर्यंत आला. त्यांतले आदर्श आज चित्रपटांत गातात, तर उत्कर्ष डॉक्टर होऊनही गातात. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. मराठवाड्याच्या कडूबाई खरात एका एकतारीवर गातात आणि हजारो माणसे ऐकत उभी राहतात.

मी माझ्या बंद खोलीत बसून स्वतःला या मोजपट्टीने मोजू लागलो. त्यांच्याकडे काही नव्हते आणि गाणे होते. माझ्याकडे सारे आहे आणि चाल सुचत नाही. मग मी स्वतःला शिक्षा केल्यासारखा रियाज सुरू केला. दहा-दहा तास. जेवण खोलीत. बोटांची कातडी सोलली तरी थांबायचे नाही, कारण आजोबा गिरणीतून येऊन वाजवीत होते ना! पहाटे तीनला जाग येऊ लागली, ती पुन्हा झोप लागू देत नसे. हळूहळू सूर कानांना सपाट लागू लागले. गिटार हातात घेतली की ती लाकडाचा तुकडा वाटे. आणि १४ एप्रिलच्या आदल्या रात्री मला अंथरुणातून उठताच येईना.

घरी येणाऱ्यांनी जे म्हटले ते मायेनेच म्हटले, पण ते लागले. “तुला काय कमी आहे?” “आपल्या माणसांनी काय काय सोसले, त्यांना कुणाला डिप्रेशन झाले?” एका नातेवाइकाने तर हसत विचारले, “काय, ठाण्याला पाठवायचे का?” मुंबईच्या आसपास या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. शंभराहून अधिक वर्षे तिथे माणसांवर उपचार होत आहेत, आणि आपण त्या गावाच्या नावाची शिवी करून टाकली आहे.

“आपल्या माणसांना असे काही झाले नाही,” हे वाक्य खरे आहे का, याचा मी पुढे बराच शोध घेतला. ते खरे नाही.

१९२६ साली बाबासाहेबांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्या आघातानंतर त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले आणि आपण किती खचलो आहोत हे त्यात मोकळेपणाने सांगितले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आपण महाड सांगतो, ते पत्र सांगत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला आपले दुःख मित्राला सांगावेसे वाटले आणि त्याने ते सांगितले, ही गोष्ट आपल्या मुलांना कळायला नको काय?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. अन्यायाचे नाव अन्यायच राहिले पाहिजे. त्याला आजाराचे नाव देऊन कुणी हात झटकू नयेत. पण एक कलावंत म्हणून मला एवढेच वाटते की, जो सर्वांचे दुःख गातो त्याच्या स्वतःच्या दुःखाशेजारी कुणीतरी बसायला हवे. ते गेल्यावर गीत उरते, पण गीत हा माणसाचा मोबदला होत नाही.

आणि आमचे आजोबा? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. आजोबांची नोकरी त्यात गेली ती कायमची. त्यानंतर तीन वर्षे बेंजो खाटेखाली होता. ते कुणाशी बोलत नसत, रात्ररात्र गॅलरीत बसून राहत. घरात म्हणत, “ते अबोल झाले.” हे मला आजीने सांगितले, तेही मी आजारी पडल्यावर. तिने माझ्या पायाशी बसून म्हटले, “तुझा आजा असाच पडून असायचा रे. आम्हाला कुठं ठाऊक, याला डॉक्टर असतो म्हणून!” त्या दिवशी प्रथम मला वाटले की, मी या घराण्याला लाज आणलेली नाही. मी याच घरातला आहे.

आजारपणात वडिलांनी मला विनयपिटकातल्या महावग्गातली एक कथा वाचून दाखविली. आपल्यातील अनेकांना ती ठाऊक असेल. सोण कोळिविस हा चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा. इतका लाडाकोडात वाढलेला की तळपायांवर लव उगवलेली. तो वीणा उत्तम वाजवीत असे. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमण असे काही केले की पाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होत नाही, तेव्हा घरी परत जावे, दानधर्म करावा, असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला उपदेश केला नाही, त्याच्या वाद्याविषयी विचारले. तारा फार ताणलेल्या असताना वीणा वाजत होती का? नाही. फार सैल असताना? नाही. मग जेव्हा दोन्ही नव्हते तेव्हा? तेव्हा ती सुरात होती. प्रयत्नाचेही तसेच आहे, हे त्यांनी त्याला समजावले.

बेंजोची तार ताणून तोडलेल्या माणसाला हे अधिक सांगावे लागत नाही. मी आजोबांच्या कष्टाची बरोबरी करायला निघालो होतो. त्यांचे कष्ट ही त्यांची गरज होती, माझे कष्ट ही माझी शिक्षा होती. शिक्षेतून चाल सुचत नाही.

पण या कथेचा पुढचा भाग आपण कमी सांगतो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. सोणाचे पाय नाजूक आहेत हे पाहून तथागतांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला की, ऐंशी गाडे सोने सोडून मी आलो आणि आता वहाणांना चिकटलो, असे लोक म्हणतील. संघातील सर्वांना अनुज्ञा मिळाली तर मीही वापरीन, नाहीतर नको. तेव्हा तथागतांनी ती अनुज्ञा सर्व संघाला दिली. आयते मिळालेल्याचे काय करावे, याचे उत्तर मला इथे सापडले. अनवाणी चालून पाय फोडून घेतल्याने दुसऱ्या कुणाच्या पायात वहाण येत नाही. आपल्याला मिळाली ती सर्वांना मिळावी, हे मागावे.

मला वहाणा मिळाल्या, त्या कोणत्या? सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ. रोजच्या गोळ्या, ज्यांचा गुण यायला काही आठवडे लागले आणि ज्या मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद केल्या नाहीत. दर आठवड्याला समुपदेशन. बाजूला बसणारी आजी. आणि सात महिन्यांनंतर एके दिवशी खाटेखालून काढलेला आजोबांचा बेंजो, ज्यावर मी दहा तास नव्हे, दहा मिनिटे वाजविले.

हे सर्वांना मिळत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. विद्यार्थ्यांनो, हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्वतःसाठी नसेल तर बाकावर शेजारी बसणाऱ्यासाठी. मरणाचे विचार कुणी बोलून दाखवले तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्यासोबत थांबा, घरच्या मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे सोबत जा.

पालकांना एकच विनंती. “तुला काय कमी आहे?” हा प्रश्न विचारू नका. “झोप लागते का?” असे विचारा. त्याचे उत्तर मुलाला देता येते.

आणि संस्थेकडे एक मागणे आहे. माझ्या खोलीचे दार बंद होते, ही माझी चैन होती आणि तोच माझा कोंडवाडाही होता. आठवड्यातून दोन संध्याकाळी हे सभागृह वाद्यांसाठी उघडावे. आसपासच्या वस्त्यांमधील ज्या मुलांना घरी रियाजाला जागा नाही, त्यांनी यावे. पेटी, ढोलकी आणि माझी गिटार इथेच राहील. शिकवायला मी येईन, फी नाही. आणि एखादा मुलगा, एखादी मुलगी दोन वेळा आली नाही, तर आपण फळे घेऊन जाऊ आणि आतल्या खोलीपर्यंत जाऊ.

येत्या १४ एप्रिलला मी वाजविणार आहे, आणि वाद्य आजोबांचेच असेल. त्याच्या दोन तारा नव्या बसविल्या आहेत. त्या मी फार ताणलेल्या नाहीत.