माशाच्या बीजाची शिदोरी
(विज्ञान मंडळात केलेले भाषण)



पुनरुत्पादनाचा धडा आला की वर्गातल्या माना खाली जातात. एका पालकांनी तर मला विचारले, "सर, हा धडा गाळला तर नाही का चालणार?" त्यांना उत्तर म्हणून आज मी माशाची हकीकत सांगणार आहे.

ट्राउट आणि सायप्रिनस हे गोड्या पाण्यातले मासे. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्रद्रव सोडतो. त्यात कोट्यवधी शुक्रपेशी असतात. नराच्या शरीरात असेपर्यंत त्या अगदी निश्चल असतात. पाण्यात पडताच मात्र शेपटी हलवीत धावू लागतात. भोवतालचे क्षार एकाएकी विरळ झाले, की सायप्रिनसच्या पेशींना इशारा मिळतो; ट्राउटच्या पेशींना मुख्यतः पोटॅशियम कमी झाल्यामुळे मिळतो.

आता त्यांच्यापाशी वेळ किती? ट्राउटच्या पेशीला सुमारे अर्धा मिनिट, सायप्रिनसच्या पेशीला फार तर काही मिनिटे! तेवढ्यात अंड्याच्या कवचावरचे एकुलते एक सूक्ष्म छिद्र गाठायचे असते.

या धावपळीला शक्ती कोठून येते? १९२९ साली कार्ल लोहमान यांनी एटीपी नावाचा पदार्थ शोधून काढला. सजीव पेशीचे ते रोख चलनच होय. शुक्रपेशीतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने एटीपी तयार करतात. शेपटीत बारीक नलिका असतात आणि त्यांना डायनीन या प्रथिनाचे जणू हात फुटलेले असतात. हे हात एटीपी खर्च करून शेजारची नलिका सरकवतात. त्यामुळे शेपटी वाकते आणि पेशी पुढे जाते.

परंतु धावताना खर्च इतका वाढतो की नवी कमाई पुरी पडत नाही. साठा झपाट्याने घटतो, शेपटी मंदावते. म्हणजे ही धाव मुख्यतः आधी साठवलेल्या शिदोरीवरच होते. सायप्रिनसच्या दमलेल्या पेशी पुन्हा योग्य क्षारांच्या द्रवात ठेवल्या, तर त्या स्थिर होतात, एटीपी पुन्हा साठवतात आणि दुसऱ्यांदा पोहू शकतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. मत्स्यबीज केंद्रात अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यांवर शुक्रद्रव टाकून पिसाने हलकेच कालवतात आणि मगच पाणी घालतात. शुक्रद्रव आधीच पाण्यात मिसळला, तर पेशी अंड्यापाशी पोचण्यापूर्वीच आपली शिदोरी संपवून बसतील. अंडीही पाण्यात फार वेळ थांबत नाहीत. त्यांचे छिद्र लवकरच बंद होते. क्रम चुकला की शेतकऱ्याचा हंगाम बुडाला!

पालकहो, आता सांगा, हा धडा गाळायचा कसा? तो वगळला, तर तळे राखणाऱ्याला हा क्रम कोण समजावणार? आपल्या मुलामुलींनी तो मान वर करून शिकावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेचे तीन तास असेच पाण्यात पडल्यासारखे असतात. तेव्हा नवी कमाई फारशी होत नाही. शिदोरी वर्षभर बांधा, आणि दमलात तर विसावा घ्यायला लाजू नका.