गाडी ॲव्हरेज देत नाही? आधी हिशोब, मग पाना

आजचा विषय सगळ्यांच्या खिशाचा. छोटी पेट्रोल गाडी घेतली, हौसेनं घेतली, हप्ते सुरू झाले, आणि दोन महिन्यांत लक्षात आलं की ही तर पाण्यासारखं पेट्रोल पितेय. कंपनीच्या कागदावर वीस-बावीस लिहिलंय, आपल्या हातात येतंय बारा-तेरा. मग सुरू होतो सल्ल्यांचा पाऊस. इंजेक्टर साफ कर, पंप बदल, सीएनजी बसव, नाहीतर विकून टाक.

माझा मावसभाऊ नाशिकला असतो. मागच्या वर्षी त्यानं सेकंडहँड घेतली, एक लिटर इंजिनची हॅचबॅक. तीन महिन्यांनी त्याचा फोन. "दादा, गाडी विकायची म्हणतोय. अकरा पण देत नाही रे." मी म्हटलं, विक, पण महिनाभर थांब. आधी अकरा खरंच अकरा आहे का ते बघू. त्या महिन्यात जे केलं तेच आज क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकदम चार गोष्टी बदलल्या तर पैसे चारही गोष्टींचे जातात आणि दोष कशात होता ते शेवटपर्यंत कळत नाही.

पहिली गोष्ट, तुलना कशाशी करताय? कंपनी जो आकडा छापते तो चाचणीतला असतो. पुण्याची मंडळी वेताळ टेकडीवर फिरायला जातात, तिथं एआरएआय ही संस्था आहे. अशा मान्यताप्राप्त ठिकाणी गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालवतात. इतके सेकंद थांबा, इतका वेग घ्या, पुन्हा थांबा. सगळं मिळून साधारण वीस मिनिटं. सर्वात जास्त वेग ताशी ९० किलोमीटर, तोही थोडाच वेळ. छापलेला आकडा ज्या चाचणीतून येत आलाय, तिच्यात एसी बंद असतो. खड्डा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर तीन मित्र नाहीत. सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंतला कार्बन मोजून किती पेट्रोल जळलं ते काढतात. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या रस्त्याचा नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो उत्तम. शहरात एसी लावून त्याच्या साठ-सत्तर टक्के मिळत असेल, तर गाडीला नावं ठेवण्याआधी थांबा.

दुसरी गोष्ट, मोजा. स्क्रीनवरचा ॲव्हरेज हा कॉम्प्युटरचा अंदाज असतो, बऱ्याचदा थोडा खूश करणारा. "हजारचं टाकलं, एवढं फिरलो" हा हिशोबही नको. टाकी फुल पद्धत वापरा. पंपावर नोझल आपोआप कट झाला की थांबायचं. वर गोल आकडा करायला अजून थोडं टाकू द्यायचं नाही. ट्रिप मीटर शून्य. मग निदान तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटरला लिटरनं भागा. झालं. पावतीचा आणि मीटरचा फोटो फोनमध्ये ठेवा. एका टाकीवर निकाल देऊ नका, दोन-तीन टाक्या बघा.

आणि पंपावरच संशय असेल तर वाद घालत बसू नका. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. त्यात मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे.

भावाची पहिली टाकी ३१० किलोमीटर, २४.६ लिटर. म्हणजे १२.६. अकरा नव्हतंच. पण चांगलंही नव्हतं.

तिसरी गोष्ट, स्वतःचा रस्ता बघा. हा पंचवटीतून सातपूर एमआयडीसीला जातो. एका बाजूला नऊ-दहा किलोमीटर, त्यात सिग्नलच सिग्नल. थंड इंजिनला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. कॉम्प्युटर मुद्दाम जास्त सोडतो, ऑइलही घट्ट असतं. म्हणजे प्रवासाचा पहिला मोठा तुकडा महागातच जातो. ज्यांचा रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा आहे, त्यांच्या गाडीचं इंजिन धड गरम होण्याआधीच बंद होतं. अशा गाडीला दोष देण्यात अर्थ नाही.

तसंच उभ्या गाडीचं. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं, त्यात एसी, तर तासाला अर्धा ते एक लिटर जातं, आणि किलोमीटर शून्य. कॉलेजबाहेर गाडीत एसी लावून गप्पा मारणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्या.

हायवेचा हिशोब वेगळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८०वरून १००वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. छोट्या इंजिनला ते जड जातं. मुंबई-नाशिक ८०-८५नं चालवून बघा आणि एकदा १०५नं. पोचायच्या वेळेत फार फरक पडत नाही, टाकीत पडतो.

अजून एक. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे खूप आहेत. करू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनचा ब्रेक गेला आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर.

आता गाडीकडे येऊ. सुरुवात फुकटच्या कामांनी. टायरची हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो. पंपावरचा मुलगा "किती टाकू?" विचारतो तेव्हा तो आकडा सांगायचा. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची, कारण पळून आलेल्या टायरमध्ये ती जास्त दिसते. नायट्रोजन की साधी हवा, यानं फारसं बिघडत नाही. किती आहे यानं बिघडतं. भावाच्या गाडीला ३३ हवी होती, होती २४. भरली. डिकीत आधीच्या मालकाचं बरंच सामान होतं, तेही काढलं. दुसरी टाकी, ३१८ किलोमीटर, २४ लिटर. १३.२.

थोडं सुधारलं, पण अजून काहीतरी अडत होतं. म्हणून पुढची तपासणी सांगितली, आणि ही नीट ऐका. सपाट, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत गाडी न्यूट्रलला टाकायची. ती आपसूक घरंगळत जाते, की कोणी मागून धरल्यासारखी थांबते? मग दहा-बारा किलोमीटर चालवून, शेवटी जोराचा ब्रेक न लावता थांबायचं आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यायचा. हात लावायचा नाही, भाजेल. नुसती धग बघायची. चारांपैकी एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

त्याचं पुढचं डावं चाक तापलेलं होतं. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली. उजवं चाक हातानं फिरत होतं, डावं घासत घासत थांबत होतं. डिस्क ब्रेकचं कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं, त्यातली एक गंजून जाम झाली होती. पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटून राहायचं. म्हणजे हा माणूस तीन महिने थोडा ब्रेक दाबूनच गाडी चालवत होता, आणि ब्रेक तर त्यानं दाबलाच नव्हता.

आता यात ॲव्हरेजपेक्षा मोठी गोष्ट होती. दर महिन्याला तो मावशीला मुंबईला दवाखान्यात नेतो, कसारा घाट उतरून. सतत घासणारा ब्रेक आधीच तापलेला असतो. लांब उतारावर तो आणखी तापला की पॅडची पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. पुढे ट्रक, मागे ट्रक, शेजारी आई. मेकॅनिकनं पॅड काढून दाखवलं तेव्हा एका बाजूनं ते पत्र्यापर्यंत झिजलं होतं. भावाच्या तोंडून शब्द फुटेना. गाडी विकायचा विषय त्यानं तिथंच सोडला. पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड नवे टाकले.

तिसरी टाकी, ३३० किलोमीटर, २१.८ लिटर. १५.१.

हिशोब करा. महिन्याला ९०० किलोमीटर. १२.६नं साधारण ७१ लिटर, १५नं ६० लिटर. अकरा लिटर वाचले. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला अकराशे-बाराशे. पण मला विचाराल तर त्या पॅडचा हिशोब पैशात होत नाही.

हवा आणि ब्रेक दोन्ही ठीक असूनही आकडा कमी येत असेल, तर इंजिनकडे जा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त थंड इंजिनचा निळा दिवा असतो. तो पाच-सात मिनिटांत जायला हवा. पंधरा मिनिटं चालवूनही जात नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता आहे. मग इंजिन गरमच होत नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ब्लूटूथचं ओबीडी स्कॅनर मित्राकडे असेल तर फोनवर कूलंटचं तापमान बघा. साधारण ८५ ते ९५च्या आसपास जाऊन टिकायला हवं. त्याच ॲपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम दिसतं. दहा टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, तर बरं. त्यापलीकडे असेल तर ऑक्सिजन सेन्सर, हवेची गळती, इंजेक्टर, यांपैकी काहीतरी बघायला हवं. तो स्क्रीनशॉट घेऊनच गॅरेजला जा. बोलणं नेमकं होतं.

स्पार्क प्लग मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. ०डब्ल्यू-१६ किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलं असताना कोणी "जाड ऑइल चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतत असेल, तर हात जोडून नाही म्हणा. क्लच बघा. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. आणि एअर फिल्टर? जरूर बदला, इंजिनच्या आयुष्यासाठी. पण इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टरचा फटका पिकअपला जास्त बसतो, ॲव्हरेजला कमी. तो बदलून चार किलोमीटर वाढतील ही आशा नको. पेट्रोलच्या पाइपवर लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या जादूच्या गोळ्या, यांच्यावर एक रुपयाही घालवू नका.

आता तुमचा ठरलेला प्रश्न, "इथेनॉलमुळे होतंय का?" थोडं होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या मानानं सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-२०साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली होती. म्हणजे १५चे १४ झाले तर समजू शकतं. १५चे ११ झाले तर ते इथेनॉलच्या नावावर खपवू नका. गाडीत शोधा. "आजकाल पेट्रोलच तसलं येतं" म्हणून भाऊ गप्प बसला असता तर ते पॅड तसंच राहिलं असतं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. पुढच्या वेळी पंपावर गेलात की पहिल्या कटपर्यंत भरा, ट्रिप शून्य करा, फोटो काढा. रविवारी सकाळी टायर थंड असताना हवा बघा. आणि कामावरून परत आल्यावर गाडीला एक फेरी मारून चारही चाकांची धग बघा. पाना नको, पैसे नकोत, पाच मिनिटं लागतात. आई-वडिलांना घेऊन घाटात जाणार असाल तर हे आधी करा, बाकीचं नंतर.

तुमचे आकडे कळवा. किलोमीटर, लिटर आणि रस्ता, तिन्ही लिहा, नुसतं "कमी देते" नको. भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा.