नांग्या भरा

श्रोतेहो, मला विषय दिलाय ‘स्वस्तातला गोल्फ’. मिनिटं मोजकी आहेत आणि मला बोलायचंय वीतभर मातीच्या तुकड्याबद्दल. तेव्हा गोल्फ कसा खेळतात हे तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे, असं धरून चालतो.

आपल्या भंडाऱ्यात पैसे भरून खेळता येईल असं सार्वजनिक गोल्फचं मैदान नाही. मी खेळलो तो नवी मुंबईत खारघरला, मुलाकडे गेलो होतो तेव्हा. तिथं टेकड्यांच्या कुशीत सिडकोचं मैदान आहे. आधी ११ होलचं होतं, पुढे १८चं करायचं काम त्यांनी हाती घेतलं. सभासद आहात का, कोणाच्या ओळखीचे, असं कोणी विचारत नाही. पैसे भरा, पावती घ्या, खेळा. पुण्याचा उदयन माने हा खेळ खेळत टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला. कृषी खात्यात जन्म घालवलेला मी पहिल्या होलपर्यंत पोचलो, हेच माझ्या हिशेबी पुष्कळ.

तर पहिलाच फटका. काठी फिरवली, डोळे मिटले. चेंडू होता तिथंच, आणि त्याच्यापुढं गवताचा तळहाताएवढा तुकडा मातीसकट उडून पडला. मी खजील. सोबतच्या कॅडी पोरानं काही न बोलता कमरेच्या पिशवीतून मूठभर वाळू काढली, खळग्यात ओतली आणि म्हणाला, “काका, वरून पाय द्या.” मी पाय दिला. खळगा जमिनीबरोबर झाला.

मंडळी, त्या क्षणी मला खारघर दिसेना, धानाची बांधी दिसायला लागली. रोवणी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी आपण काय करतो? धुऱ्यावरून फिरतो. कुठं पऱ्हा लागला नाही, कुठं खेकड्यानं कापला, तिथं नवा पऱ्हा खोचतो. नांग्या भरतो. लाखांदूरकडे नोकरीत असताना एक म्हातारी मला म्हणाली होती, “नांगी दिसली का वाकाचं भाऊ, कोनाची हाय म्हून इचाराचं नाई.” मी खात्याची पत्रकं वाटायला गेलो होतो, ती गुमान परत आणली.

गोल्फचंही तेच आहे. आपल्यासारख्या उष्ण मुलखात गोल्फच्या मैदानावर बहुधा बर्म्युडा नावाचं गवत असतं. नाव विलायती, पण ही आपली हराळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जिला शिव्या देतो, तिला तिथं पाणी पाजतात. हराळी जमिनीवरून सरपटत जाते, म्हणून खळग्यात वाळू भरली की तिचे धुमारे वरून येऊन तो झाकून टाकतात. वाळू नाही भरली, तर खळग्यात पाणी साचतं, कडा ढासळतात आणि मागून येणाऱ्याचा चेंडू नेमका तिथंच जाऊन बसतो. होल असतो सव्वाचार इंचांचा. मैदानावरची बाकी सगळी भोकं खेळणाऱ्यांनीच पाडलेली.

पुन्हा सांगतो, कारण रेडिओ लावून तुम्ही भाजी निवडत असाल आणि हे निसटलं असेल: खळगा दिसला की खेळणाऱ्यानंच बुजवायचा, कोणी पाडला हे विचारायचं नाही. श्रीमंत क्लबात माळ्यांची फौज असते, मागून येऊन ते बुजवतात. स्वस्त मैदानाला ती फौज परवडत नाही. ठेवायची म्हटली तर पावतीचा आकडा वाढणार, मग ते मैदान तुमचं-माझं राहिलं कुठं?

स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूज म्हणून गाव आहे. वस्तीनं आपल्या पवनीएवढंच असेल. गोल्फची ती काशी. तिथली खेळाची जमीन १८९४ साली कायदा करून गावानं विकत घेतली, आणि आजही ती सार्वजनिक आहे. तिथल्या सगळ्यात जुन्या मैदानावर रविवारी खेळ बंद. त्या दिवशी गावकरी तिथं पोरंबाळं, कुत्री घेऊन फिरतात. आणि ऐका, नोव्हेंबर ते मार्च तिथल्या फेअरवेवर चेंडूखाली चटईचा तुकडा ठेवूनच मारावा लागतो. थंडीत गवत वाढत नाही, मग उखडलेलं भरून कधी यायचं? जगातले नामांकित खेळाडू जिथं येतात, तिथं गवतापायी चटई!

आणि आपण? क्रिकेट संपलं की स्टंप उपटून चालते होतो, भोकं तशीच. लग्नाचा मांडव उठला की खांबांचे खड्डे वर्षभर आ वासून. मागच्या हिवाळ्यात सकाळी फिरताना अशाच एका खड्ड्यात माझा पाय मुरगळला. पंधरा दिवस घरी बसलो. मांडव कोणाचा होता ते सांगत नाही, लग्नाला मीही जेवलो होतो.

एक कल्पना डोक्यात आहे. उन्हाळ्यात आपले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आटतात, पोटातली जमीन सपाट होते, पोरं तिथं क्रिकेट खेळतातच. त्यातल्या एखाद्यात सहा होल, बांबूच्या काठ्या, जुने... पण काचेपलीकडून बोट दाखवलं जातंय. एक मिनिट उरलं म्हणायचं. राहू द्या, ते पुढच्या वेळी.

तर मुख्य गोष्ट तिसऱ्यांदा. नांग्या भरा. आज संध्याकाळी पोरं खेळायला जातील. कोणाची का असेनात, त्यांना एवढं बजावा: स्टंप काढले की भोकात माती घाला, वरून पाय द्या, आणि मगच घरी या.