शहर दारात येण्याआधी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सचिवांनी मला ‘आढावा’ हा विषय दिला आहे. पंचवीस वर्षांच्या जमाखर्चाचा आढावा खजिनदारांनी अहवालात घेतलेलाच आहे, तो मी पुन्हा घेत नाही. पण माझा जन्म बँकेत गेला. तिथे पैशाचे ऑडिट होते, तसे कामाच्या पद्धतीचेही होते. पैसे जुळले म्हणजे सगळे ठीक, असे ऑडिटर कधी मानत नाही. हा अधिकार कोणी कोणाला दिला, सही कोणाची, कागद कुठे आहे, हे तो आधी विचारतो. आज मला तेच विचारायचे आहे, पण संस्थेपुरते नाही, गावाबद्दल.

आपल्या संस्थेला उपविधी आहेत. सहकार कायदा १९६० चा. उपविधी बदलायचे तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, हजर सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी हात वर करावे लागतात, मग निबंधकांची मंजुरी. म्हणजे पार्किंगचा नियम बदलायचा तरी आपल्याला विचारल्याशिवाय बदलत नाही. (कोरमअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तिथेच भरते, ही गोष्ट वेगळी!)

गावाचे उपविधी म्हणजे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. शहराचे उपविधी म्हणजे १९४९ चा महानगरपालिका कायदा; मुंबईचा तर १८८८ चा. हे बदलताना आपल्याला कोणी विचारते का? सरपंचाचेच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ठरले, सरपंच थेट जनतेतून. २०२० मध्ये ठरले, नको, सदस्यांतून. २०२२ मध्ये पुन्हा थेट जनतेतून. यातले बरोबर कुठले, हा वाद मी घालत नाही. पण पाच वर्षांत तीनदा फिरवाफिरव झाली आणि एकाही वेळी गावाला ‘तुमचा अनुभव काय?’ असे कोणी विचारले नाही. सरकार बदलले की नियम बदलला.

आढावे झालेच नाहीत असे नाही. १९६० मध्ये वसंतराव नाईकांची समिती नेमली गेली, तिच्यातून जिल्हा परिषदा आल्या. पुढे बोंगीरवार समिती झाली, प्राचार्य पी. बी. पाटील यांची समिती झाली. कामे मोठी होती, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्या सरकारने नेमलेल्या समित्या होत्या. नागरिकांनी स्वतः बसून ‘आपला कारभार कसा चालावा’ हे तपासायचे, ही सवय आपल्याला लागलीच नाही.

ती इतर ठिकाणी आहे. अमेरिकेत मोठ्या शहरांना स्वतःची सनद असते, म्हणजे शहराची घटनाच म्हणा. लॉस एंजेलिसची सनद १९२५ ची. ठिगळे लावून लावून तिची पार गोधडी झाली होती. १९९० नंतर शहराचा एक मोठा भाग म्हणू लागला, ‘कर आम्ही भरतो, लक्ष कोणी देत नाही, आम्हांला वेगळे करा.’ तेव्हा सनद तपासायला दोन आयोग बसले. एक नगरसभेने नेमलेला, दुसरा थेट मतदारांनी निवडलेला. दोघांचे आधी पटेना, शेवटी एकच मसुदा झाला आणि जून १९९९ मध्ये लोकांनी मतदानाने तो मंजूर केला. त्यातून वस्तीवस्तीच्या मंडळांना पहिल्यांदा जागा मिळाली.

‘काका, अमेरिकेचे इथे वढू बुद्रुकला काय?’ असे कोणी विचारेल. सांगतो.

शहर नगर रस्त्याने आपल्याकडे येते आहे. २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत गेली, त्यांत आपली वाघोली होती. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावे गेली, त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. तिथल्या लोकांची तक्रार अशी, की कर महापालिकेचा आणि सोयी गावाच्या. शेवटी २०२४ मध्ये ती दोन्ही गावे महापालिकेतून काढून त्यांची नगरपरिषद केली. सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद! बँकेत एखादे खाते असे तीन शाखांत फिरवले असते, तर खातेदाराने काउंटरवर हात आपटला असता.

गाव शहरात गेले की पाणी, रस्ते, गटारे येतील, अशी आशा असते. ती चुकीची नाही. पण एक गोष्ट त्याच दिवशी जाते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. आज वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्याआधी महिलांची सभा. तिथे कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. महापालिकेत नागरिकाला ही जागा नाही. प्रभाग समिती आहे, ती मुख्यतः नगरसेवकांची. २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद झाली, ती कागदावर राहिली. आणि मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. तेव्हा नवीन गावांतल्या माणसाने विचारायचे कोणाला?

आपल्या गावाचे प्रश्नही वेगळे आहेत. फाल्गुन अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीला वंदन करायला किती लोक येतात, हे तुम्ही पाहता. त्या दिवशीचे पाणी, गाड्या, कचरा, दवाखाना यांची आखणी दूरच्या कार्यालयात बसून कशी होणार? ती गावालाच माहीत आहे.

म्हणून माझी सूचना. आपण अकरा जणांचा एक नागरिक आयोग करू. नाव मोठे वाटते, काम साधे आहे. सोसायट्यांमधले चार, गावठाण आणि वाड्यावस्त्यांवरचे सात, कारण गाव आधी त्यांचे आहे, आपण मागून आलो. निम्म्या तरी महिला. एक शेतकरी हवा, एक सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यात जाणारा तरुण हवा. पक्षाचा पदाधिकारी नको.

त्यांनी वर्षभरात तीनच गोष्टी कराव्यात. एक, कायदा वाचावा. तो मराठीत आहे. दोन, शहरात गेलेल्या गावांत जाऊन काय मिळाले, काय गेले, ते लिहून आणावे. तीन, वस्तीवस्तीवर बसून लोकांचे ऐकावे. मग दहा-बारा पानी अहवाल ग्रामसभेपुढे आणि आपल्या वार्षिक सभेपुढे ठेवावा.

या आयोगाला कायद्याने काडीचा अधिकार नसेल, हे मला ठाऊक आहे. पण हद्दवाढीची अधिसूचना निघते तेव्हा हरकती-सूचना मागवतात. मुदत साधारण महिनाभराची. तेवढ्यात लोक छापील अर्जावर सह्या करून मोकळे होतात आणि ते गठ्ठे कपाटात जातात. ज्या गावाने अभ्यास करून, ग्रामसभेत ठराव करून म्हणणे तयार ठेवले आहे, त्याचा कागद बाजूला सारणे तितके सोपे नसते. शहरात जायचे की नाही, हे ठरवणे कदाचित आपल्या हातात नाही. ‘जायचेच असेल तर वस्तीची सभा आम्हांला कायद्याने द्या’ हे मागणे मात्र आपल्या हातात आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मूठभर माणसांनी एका खोलीत सतरंजीवर बसून उपविधी वाचले आणि ही संस्था उभी केली. त्यांतले काही आज आपल्यात नाहीत. त्यांनी वाचले म्हणून आज आपण निर्धास्त आहोत.

ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी जेवणानंतर सचिवांकडे नाव द्यावे. वही टेबलावर ठेवली आहे. पुढच्या ग्रामसभेला तरी निदान घरटी एक माणूस, एवढी विनंती करतो आणि थांबतो.