साठी आणि बुद्धी



मेंदूच्या आरोग्यावर बोलावयास डॉक्टर सोडून कामगार चळवळीतला माणूस उभा केला, याचे काहींना नवल वाटले असेल. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. पण मेंदू झिजतो कोठे, हे आम्ही कारखान्यांच्या दारांत उभे राहून पाहिले आहे.

'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणतो. वय झाले की बुद्धी जावयाचीच, असा त्यात समज आहे. वैद्यकशास्त्र आज असे मानीत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. ती सर्व दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा तिचा अंदाज आहे. ही कारणे साठीत उगवत नाहीत. लहानपणी सुटलेली शाळा हे त्यातले पहिले. मध्यम वयातला रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, डोक्याला बसलेला मार, दारू, धूम्रपान ही पुढची. एकाकीपणा, अधू दृष्टी आणि दूषित हवा ही उतारवयातली.

यातला बहिरेपणाच घ्या. मागाच्या खात्यात शेजाऱ्याशी बोलावयाचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. रोज आठ तास ८५ डेसिबलहून मोठा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडला, तर आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात व त्या पुन्हा तयार होत नाहीत. मग माणूस चारचौघांत बसणे टाळतो. घरचे म्हणतात, आबा विसरभोळे झाले. पुष्कळदा आबा विसरलेले नसतात, त्यांना ते ऐकूच आलेले नसते. वेळीच श्रवणयंत्र मिळाले तर ते पुन्हा बोलण्यात येतात.

काही विषे तर थेट मेंदूवर जातात. मँगनीज दळणाऱ्या कामगारांचे पाय लटपटू लागल्याची नोंद स्कॉटलंडमध्ये १८३७ सालीच झाली. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे याच धातूच्या खाणी आहेत. शिशाचा धूर बापाच्या कपड्यांवरून घरी येतो आणि मुलाच्या वाढत्या मेंदूला अपाय करतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिसे, पारा व मँगनीज यांची विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक केले होते. परंतु रोगी तपासलाच नाही, तर कळविणार कोण?

आता मनाकडे येऊ. मेंदू आणि मन यांची दुखणी वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. उतारवयातली खिन्नता कित्येकदा विसराळूपणाचे सोंग घेते. थायरॉईडचा बिघाड किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही स्मरण मंदावते, आणि रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळते. म्हणून 'वेड लागले' म्हणून माणूस खोलीत कोंडू नका. आधी तपासून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

चालणे, तंबाखू सोडणे, वाचणे, माणसांत मिसळणे, हे ज्याचे त्याने करावयाचे आहे. पण ज्याला आठवड्याआड रात्रपाळी आहे आणि दिवसा दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत निजावयाचे आहे, त्याला 'पुरेशी झोप घ्या' असा नुसता उपदेश करून काय होणार? म्हणून आमचे मागणे असे, की पगार व बोनस यांच्या जोडीने दरवर्षी कानांची आणि रक्तदाबाची तपासणी, धूर ओढून घेणारे पंखे, डोक्याला शिरस्त्राण आणि माणसाला झेपतील अशा पाळ्या हीही कलमे प्रत्येक करारात यावीत. आपण नगरवासीयांनी या मागणीला पाठिंबा द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.