उसना गोलरक्षक

फुटबॉलच्या संघात राखीव खेळाडू अनेक असतात. परंतु राखीव गोलरक्षकाची अवस्था त्या सर्वांहून निराळी. आघाडीच्या खेळाडूला प्रसंगी मधल्या फळीत जागा मिळते, डावीकडचा गडी उजवीकडे खेळू शकतो. गोलरक्षकाची जागा मात्र एकच, आणि तिथला गडी सहसा थकून बाहेर येत नाही. तो दुखावला, किंवा व्यवस्थापकाच्या मनातून उतरला, तरच दुसऱ्याला दार उघडते. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याला निदान पाणी घेऊन मैदानात जाता येते!

१९७३ साली जन्मलेला जिमी ग्लास हा इंग्रज गोलरक्षक याच पंगतीतला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबात तो वाढला. पण त्या क्लबातर्फे लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे बोर्नमथ येथे दोन वर्षे तो नियमाने खेळला. १९९८ साली वेम्ब्लीच्या सुप्रसिद्ध मैदानावर खालच्या श्रेणींतील संघांच्या चषकाचा अंतिम सामना झाला. बोर्नमथ आघाडीवर असताना ग्लासकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला आणि अखेर ग्रिम्सबीने चषक नेला. त्याच वर्षी तो स्विंडन टाउनमध्ये गेला, आणि तेथे काही सामन्यांनंतर पुन्हा राखीवांत जाऊन बसला.

इकडे स्कॉटलंडच्या सीमेलगत असलेल्या कार्लाइल शहराचा क्लब मोठ्या संकटात होता. १९२८ पासून लीगमध्ये असलेला आणि १९७४ साली सर्वोच्च श्रेणीत पोहोचलेला हा संघ १९९९ च्या वसंतात चौथ्या श्रेणीच्या तळाशी आला होता. तळाचा एक संघ लीगबाहेर, असा तेव्हाचा नियम. बाहेर जाणे म्हणजे उत्पन्न आटणे आणि पगारी माणसांवर गदा येणे. त्यातच त्यांचा मूळचा गोलरक्षक विकला गेलेला, दुसऱ्या क्लबाकडून उसना घेतलेला त्याच्या मालकांनी परत बोलावलेला! खेळाडू घेण्याची मुदतही उलटली होती. लीगची खास परवानगी काढून कार्लाइलने शेवटच्या तीन सामन्यांपुरता ग्लासला आणले.

दिनांक ८ मे १९९९. ब्रंटन पार्कवर प्लिमथविरुद्ध एक-एक अशी बरोबरी होती. स्पर्धेत पुढे असलेल्या स्कारबरोनेही आपल्या मैदानावर एक-एक बरोबरी साधून सामना संपवला होता. कार्लाइलला जिंकल्यावाचून गत्यंतर नव्हते. भरपाईची मिनिटे सरत आली आणि कॉर्नर मिळाला. लाल सदऱ्यातला ग्लास आपला गोल उघडा टाकून सगळे मैदान ओलांडत धावत आला. चेंडू उंच आला, स्कॉट डोबीने डोक्याने मारला, प्लिमथच्या गोलरक्षकाने तो अडवला; परंतु तो परतून पडला नेमका ग्लासच्या पुढ्यात. उजव्या पायाचा एक फटका, आणि गोल! प्रेक्षक मैदानात घुसले. ते हटल्यावर खेळ जेमतेम सुरू झाला, तोच पंचांची शिट्टी वाजली.

स्कारबरोला लोक तत्पूर्वीच आनंदोत्सव करीत होते. तेथे ही बातमी येऊन थडकली. १९८७ साली बढतीच्या नव्या नियमाने लीगमध्ये आपोआप प्रवेश मिळवणारा हा पहिला क्लब. तो बाहेर गेला, पुन्हा आत आला नाही, आणि २००७ साली कर्जापायी बंद पडला. कार्लाइलच्या त्या आनंदाची किंमत कोणी चुकती केली, हे पाहिल्यावाचून मला ही कथा पुरी वाटत नाही.

आणि ग्लासचे काय झाले? उसना गडी स्विंडनला परतला. पुढच्या मोसमासाठी गोलरक्षक शोधणारे व्यवस्थापक त्याचे हात तपासणार, पाय थोडेच! केंब्रिज, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड अशी क्लबांची नावे बदलत गेली. शेवटच्या दोघांकडून खेळलेले लीगचे सामने एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. २००१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने व्यावसायिक खेळ सोडला. गोलरक्षकाला खरी समज येऊ लागते ती याच वयात. उदरनिर्वाहासाठी त्याने विक्रेत्याची नोकरी केली, पुढे टॅक्सी चालवली. बऱ्याच वर्षांनी बोर्नमथ क्लबाने त्याला पुन्हा बोलावले, ते खेळाडूंच्या घरादाराच्या अडीअडचणी पाहण्याच्या कामावर.